मुलं चाळिशीला आली, कायदा तिथेच

लहानपणी आई-बापांबरोबर अमेरिकेत आलेल्या आणि कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांना कायदेशीर दर्जा द्यावा, असं विधेयक तिथल्या सिनेटमध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं ऑगस्ट २००१ मध्ये. ज्यांच्यासाठी ते होतं ती मुलं तेव्हा शाळेत होती. आज त्यांचीच मुलं शाळेत आहेत. मधल्या काळात संसदेने काहीच केलं नाही, म्हणून २०१२ मध्ये सरकारने एका परिपत्रकाद्वारे तात्पुरता आधार दिला. १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत असलेल्या आणि १५ जून २०१२ रोजी वयाची ३१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्ती त्यात बसत. या तारखा अजून बदललेल्या नाहीत. त्यामुळे त्या अटींत बसणारे सर्वात मोठे लोक चाळिशी ओलांडून गेलेत आणि सर्वात लहानांनीही अठरा पूर्ण केलीत. बोलण्यात मात्र अजून 'मुलं' हाच शब्द आहे.

अमेरिकी राजकारणात या गटाइतकी सहानुभूती दुसऱ्या कुठल्याच बेकायदा स्थलांतरितांना मिळालेली नाही. प्यू संशोधन केंद्राच्या जून २०२० च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी त्यांना कायमचा दर्जा देण्याच्या बाजूने कौल दिला. दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष त्यांच्याबद्दल आपुलकीने बोलले. तरीही पाव शतक हे घोंगडं भिजत पडलंय. असं का झालं, दोन्ही बाजूंचं म्हणणं नेमकं काय आहे आणि त्यातलं काय टिकतं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो: या तरुणांची बाजू 'त्यांची काही चूक नव्हती' या एकाच मुद्द्यावर उभी केली गेली. त्या मुद्द्याने सहानुभूती मिळाली, पण कायदा मिळाला नाही. वय वाढेल तसा तो मुद्दा लंगडाही पडत गेला.

शाळेचं दार

सुरुवात टेक्ससमध्ये झाली. १९७५ मध्ये त्या राज्याने कायदा बदलला आणि बेकायदा राहणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना राज्याचा पैसा देणं बंद केलं. टायलर गावच्या शाळा मंडळाने १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी लावली. मजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांना ती परवडणं शक्यच नव्हतं. काही पालक टोपणनावाने कोर्टात गेले. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, म्हणजे गाव जागं होण्याआधी ती उरकेल आणि कुणी त्यांना पाहणार नाही. पालक आले ते गाडीत घरचं सामान भरून. कोर्टातूनच सीमेपार रवानगी झाली, तर निदान चार भांडी-कपडे बरोबर असावेत, एवढीच त्यांची तयारी होती.

ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. न्या. विल्यम ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला. आई-बापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, शाळा सर्वांना खुली राहील, हा त्याचा गाभा. 'प्लायलर विरुद्ध डो' या नावाने तो ओळखला जातो. विरोधी मत लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनीही मुलांना अडाणी ठेवणं शहाणपणाचं नाही, हे मान्य केलं होतं. त्यांचा आक्षेप वेगळा होता: धोरण ठरवणं हे कोर्टाचं काम नाही, संसदेचं आहे. पुढच्या चाळीस वर्षांत जो तो हेच म्हणत आला. यांच्यावर अन्याय होतोय खरा, पण तो दूर करणं आमच्या अखत्यारीत नाही.

प्लायलर निकालाने बारावीपर्यंतची वाट मोकळी केली आणि तिच्या टोकाला भिंत तशीच ठेवली. शाळेत असेपर्यंत मुलाला आपण वेगळे आहोत, हे जाणवतही नाही. सोळाव्या वर्षी मित्र गाडीचं लायसन्स काढतात, उन्हाळ्यात हॉटेलात नोकरी धरतात, कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरतात. त्या प्रत्येक अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना असतो. अनेकांना आपली खरी परिस्थिती आई-वडिलांकडून कळते ती त्या रकान्यापाशी अडल्यावर. समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या अशा दीडशे तरुणांचा बारा वर्षं मागोवा घेऊन 'लाइव्ह्ज इन लिंबो' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिलं. त्यातली ठळक गोष्ट अशी की, पदवी मिळवलेले आणि शाळा अर्धवट सोडलेले, दोघेही अखेरीस जवळपास सारख्याच हलक्या, रोखीने पगार मिळणाऱ्या कामांवर पोचले. शिकून फायदा काय, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत फुकाचा नव्हता.

रांगेत उभं राहायचं, पण कोणत्या?

या वादात हमखास येणारा सवाल म्हणजे, 'इतरांसारखे रांगेत का येत नाहीत?' उत्तर सोपं आहे: बहुतेकांसाठी रांगच नाही. ग्रीन कार्डाची दारं मुख्यतः दोन, जवळचा नातेवाईक किंवा नोकरी देणारी कंपनी. पण जो तपासणी न होता सीमा ओलांडून आला, त्याला अमेरिकेत राहून अर्ज करता येत नाही. नागरिकाशी लग्न झालं तरी व्हिसासाठी मायदेशी जावं लागतं. आणि तिथेच १९९६ चा कायदा आडवा येतो. क्लिंटन यांच्या काळात झालेल्या या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षं आणि वर्षाहून जास्त राहिलेल्याला दहा वर्षं परत प्रवेश नाही. वयाच्या अठरापर्यंतचे दिवस त्यात धरले जात नाहीत. म्हणजे एखादीला हा फास टाळायचा असेल, तर साडेअठरा वर्षांची होण्याआधी, ज्या देशाची तिला आठवणही नाही तिथे एकटीने निघून जावं लागेल. लोकांनी परत जावं म्हणून केलेल्या या कायद्याने लोकांना आतच डांबून ठेवलं.

त्याआधी मोठी माफी एकदाच मिळाली होती. १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं आणि बदल्यात बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंडाची तरतूद केली. माफी अमलात आली, दंड बहुतांशी कागदावर राहिला आणि बेकायदा लोकसंख्या पुन्हा वाढत गेली. आज स्थलांतरविरोधी मंडळी 'अॅम्नेस्टी' हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्यामागे हा अनुभव आहे. तो खोटा नाही, हे या तरुणांच्या समर्थकांनीही मान्य करायला हवं.

विधेयकाची दहा वर्षं

२००१ चं विधेयक डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून मांडलं होतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'ड्रीम अॅक्ट' म्हणू लागले आणि या तरुणांना 'ड्रीमर्स'. डर्बिन यांच्यापर्यंत विषय पोचला तो शिकागोतल्या एका कोरियन कुटुंबातल्या पियानोवादक मुलीमुळे. संगीत महाविद्यालयांची दारं तिला खुली होती, पण अर्जात राष्ट्रीयत्वाच्या जागी लिहिण्यासारखं काही नव्हतं. या विधेयकावर सिनेट समितीची सुनावणी १२ सप्टेंबर २००१ ला ठेवली होती. आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि सुनावणी रद्द झाली. त्यानंतर स्थलांतराचा प्रश्न सुरक्षेच्या चष्म्यातूनच पाहिला जाऊ लागला.

विधेयक पुन्हा पुन्हा येत राहिलं. ऑक्टोबर २००७ मध्ये सिनेटमध्ये त्याला ५२ विरुद्ध ४४ मतं पडली. पण चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायला तिथे ६० मतं लागतात. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाने ते २१६ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केलं आणि दहाच दिवसांत सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर ते पुन्हा अडलं. पाच डेमोक्रॅट्सनी विरोधात मत दिलं होतं. ज्यांच्या नावाने विधेयक सुरू झालं होतं ते हॅच त्या दिवशी मतदानालाच नव्हते. बहुमत दोन्ही वेळा होतं, पण बहुमत पुरेसं नव्हतं.

याच वर्षात तरुणांनी लपून राहणं सोडलं. चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत १,५०० मैल चालत गेले. काहींनी अॅरिझोनात सिनेटर जॉन मॅकेन यांच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि अटक करवून घेतली. शिकागोच्या चौकात उभं राहून मुलं स्वतःचं नाव जाहीर सांगू लागली, 'आमच्याकडे कागद नाहीत आणि आम्हाला भीती नाही.' ज्यांच्या आई-बापांनी वीस वर्षं मान खाली घालून काढली, त्यांच्या पोरांनी मान वर केली. संसदेत हरलेल्या विधेयकापेक्षा या धिटाईचा धसका राष्ट्राध्यक्षांनी जास्त घेतला असावा.

परिपत्रकावर उभं आयुष्य

१५ जून २०१२ रोजी, प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षं झाली त्याच दिवशी, ओबामांनी 'डाका' जाहीर केलं. कायदा नव्हता, गृहसुरक्षा खात्याच्या मंत्री जॅनेट नापोलितानो यांच्या सहीचं एक परिपत्रक होतं. सोळा वर्षांच्या आत आलेल्या, शिकत असलेल्या किंवा शाळा पूर्ण केलेल्या आणि गंभीर गुन्हा नसलेल्या तरुणांवर दोन वर्षं हद्दपारीची कारवाई करायची नाही आणि त्यांना कामाचा परवाना द्यायचा. ग्रीन कार्ड नाही, नागरिकत्व नाही, त्या दिशेने जाणारी वाटही नाही.

अर्जासाठी पुरावे जमवताना एक विचित्र गोष्ट घडली. ज्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं कुठे नाव लागू नये म्हणून जपलं, त्यांना अचानक आपण इथेच होतो हे वर्षवार सिद्ध करायचं होतं. शाळेचं निकालपत्रक, लसीकरणाची नोंद, घरभाड्याच्या पावत्या, चर्चमधलं प्रमाणपत्र, दवाखान्याचं बिल, सगळं बाहेर निघालं. शिवाय १५ जून २०१२ या नेमक्या दिवशी अमेरिकेत असल्याचा पुरावा लागे. त्या दिवशी कार्डावर काही खरेदी केली असेल, तर ती पावती सोन्याच्या मोलाची. आणि हा सगळा गठ्ठा, घरच्या पत्त्यासह, ज्या सरकारपासून लपायचं त्याच्याच हाती द्यायचा.

फी सुरुवातीला ४६५ डॉलर होती. २०२४ मध्ये ती ऑनलाइन ५५५ आणि कागदी अर्जाला ६०५ झाली. दर दोन वर्षांनी बोटांचे ठसे, नवा अर्ज, नवी फी. मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी अर्ज टाकायचा असतो. खात्याकडून उशीर झाला आणि कार्डावरची तारीख उलटली, तर मालकाला त्या माणसाला कामावर ठेवता येत नाही. नर्स असो वा शिक्षक, तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी घरी.

तरीही या तुटपुंज्या कागदाने खूप काही केलं. अर्थतज्ज्ञ नोलन पोप यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार 'डाका'मुळे ५० ते ७५ हजार लोक रोजगारात आले. ओरेगॉन राज्यातला दुसरा एक अभ्यास २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. संशोधकांनी १५ जून १९८१ या तारखेच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे जन्मलेल्या आयांची तुलना केली. एकीला 'डाका' मिळू शकत होतं, काही दिवसांनी मोठ्या असलेल्या दुसरीला नाही. त्यांची मुलं मात्र अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे नागरिक. आईला 'डाका'ची पात्रता मिळाल्यावर मुलांमधल्या चिंताविकाराच्या निदानाचं प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आलं. आई संध्याकाळी घरी येईल याची खात्री हा मुलांसाठी औषधासारखा उपाय ठरला, असं ते आकडे सांगतात.

आजवर आठ लाखांहून अधिक लोकांना कधी ना कधी 'डाका' मिळालं. त्यांतले सुमारे ऐंशी टक्के मेक्सिकोत जन्मलेले; बाकी एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, पेरू, दक्षिण कोरिया अशा देशांतले. भारतात जन्मलेल्यांची संख्या काही हजारांपलीकडे कधी गेली नाही.

कोर्टाच्या पायऱ्या

परिपत्रकाने दिलेलं परिपत्रकाने काढून घेता येतं. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारच्या वतीने महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी 'डाका' बंद करत असल्याचं जाहीर केलं. खालच्या न्यायालयांनी ते थांबवलं आणि जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचा निर्णय रद्द केला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'डाका' योग्य की अयोग्य, यावर काही म्हटलं नाही. बंद करण्याची पद्धत मनमानी होती, परिणामांचा विचार केला नव्हता, एवढंच ते म्हणाले. नीट कारणं देऊन बंद करायला मोकळीक राहिली.

दुसरी आघाडी टेक्ससने उघडली. तिथले न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी २०१५ मध्ये 'डाका'चा विस्तार आणि नागरिक मुलांच्या पालकांसाठीची तशीच योजना अडवली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चार-चार मतांवर अडकलं आणि योजना बारगळली. जुलै २०२१ मध्ये हेनन यांनी मूळ 'डाका'च बेकायदा ठरवलं, पण चालू असलेल्यांचं नूतनीकरण थांबवलं नाही. बायडेन सरकारने रीतसर नियम केला; सप्टेंबर २०२३ मध्ये तोही बेकायदा ठरला. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने निकालाची झळ टेक्ससपुरती मर्यादित केली आणि हद्दपारीपासूनचं संरक्षण व कामाचा परवाना या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. म्हणजे टेक्ससमध्ये राहायला हरकत नाही, पण कमवायला आहे, अशी पाळी तिथल्यांवर येऊ शकते. तिथून उठून शेजारच्या राज्यात बिऱ्हाड हलवावं का, याचा हिशोब कित्येक घरांत चालू झाला.

२०२१ पासून नवे अर्ज घेतले जातात, फी घेतली जाते, पण मंजूर होत नाहीत. २०२५ मध्ये वातावरण आणखी आवळलं. जानेवारीत झालेल्या लेकन रायली कायद्याने चोरीसारख्या गुन्ह्याचा नुसता आरोप असलेल्या बेकायदा स्थलांतरिताला कोठडी सक्तीची केली. दोषसिद्धीची गरज नाही. जूनमध्ये केंद्र सरकारने टेक्ससवर खटला भरला आणि राज्याने त्याच दिवशी मान तुकवली. त्याबरोबर कागदपत्रांविना राहणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्यातल्यांच्या दराने फी आकारण्याची तिथली सवलत गेली. गंमत अशी की, २००१ मध्ये ही सवलत देणारं पहिलं राज्य टेक्ससच होतं आणि त्यावर सही रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची होती. ऑगस्टमध्ये 'डाका'धारकांना सरकारी अनुदानाच्या आरोग्य विम्यातूनही वगळलं गेलं.

विरोधकांचं म्हणणं

विरोधकांना निव्वळ द्वेष्टे ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचे चार मुद्दे सावकाश तपासण्यासारखे आहेत.

पहिला घटनात्मक. संसदेने नाकारलेली गोष्ट राष्ट्राध्यक्षाने परिपत्रकाने करावी का? ओबामांनीच २०११ मध्ये, हद्दपारी आपल्याला आदेशाने थांबवता येणार नाही, असं जाहीर सांगितलं होतं. वर्षभरात, निवडणूक पाच महिन्यांवर असताना, त्यांनी 'डाका' आणलं. समर्थक म्हणतात, कुणावर कारवाई आधी करायची, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सरकारला असतो. ते खरं आहे. पण लाखो लोकांना सरसकट कामाचा परवाना देणं हे निवडीपलीकडे जातं, या आक्षेपात दम आहे आणि कोर्टात तोच टिकला.

दुसरा मुद्दा प्रोत्साहनाचा. आज या मुलांना माफ केलं, की उद्या दुसरे पालक मुलांना घेऊन निघतील. २०१४ मध्ये दक्षिण सीमेवर ६८ हजारांहून अधिक एकटी मुलं पकडली गेली, तेव्हा हाच दाखला दिला गेला. मात्र त्या मुलांना 'डाका' लागूच नव्हतं. मध्य अमेरिकेतली टोळ्यांची हिंसा आणि एकट्या मुलांना तातडीने परत पाठवू न देणारा २००८ चा कायदा, ही कारणं अभ्यासकांना जास्त ठोस वाटतात. मोठ्या प्रमाणावरची माफी पुढच्यांना आशा दाखवते, हे मात्र १९८६ नंतर पूर्ण नाकारता येत नाही.

तिसरा मुद्दा नात्यांच्या साखळीचा. हे तरुण नागरिक झाले, की ज्यांनी कायदा मोडला त्या आई-वडिलांनाच बोलावतील. कागदावर हे शक्य आहे. पण चोरून सीमा ओलांडलेल्या पालकाला दहा वर्षांची बंदी चुकत नाही आणि त्या बंदीतून सवलत मिळते ती नागरिक वा ग्रीन कार्डधारक पती-पत्नी किंवा आई-वडिलांच्या हलाखीच्या कारणाने, मुलांच्या नाही. ही साखळी भाषणांत दिसते तितकी सैल नाही.

चौथा मुद्दा पैशाचा आणि तो दोन्हीकडून सोयीने वापरला जातो. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०१० च्या विधेयकामुळे दहा वर्षांत तूट सुमारे १.४ अब्ज डॉलरने कमी होईल, असा अंदाज दिला. त्याच कार्यालयाने २०१७ च्या विधेयकामुळे ती सुमारे २६ अब्जांनी वाढेल, असं सांगितलं. दोन्ही विधेयकांत सरकारी लाभ कधी आणि किती मिळणार, याच्या तरतुदी वेगळ्या होत्या. म्हणजे खर्चाचा आकडा विधेयक कसं लिहिता यावर ठरतो, माणसांवर नाही.

टीका डावीकडूनही आहे, आणि ती मला जास्त बोचरी वाटते. 'आमची काही चूक नव्हती' असं म्हणताना चूक कुणाची होती, हे न बोलता सांगितलं जातं: आई-बापांची. पहिला नंबर काढणारी, गणवेश घालून सैन्यात जायला उत्सुक असलेली मुलं पोस्टरवर आली आणि हॉटेलात भांडी घासणारा त्यांचा बाप आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. चळवळीतल्याच अनेकांनी पुढे ही भाषा सोडली. आम्हाला वाचवताना आमच्या आयांना बळी देऊ नका, असं ते म्हणू लागले.

मग अडलं कुठे?

इतकी सहानुभूती असलेला गट राजकारणात ओलीस म्हणून फार उपयोगी पडतो. डेमोक्रॅट्सनी बराच काळ त्यांचा प्रश्न सर्वांच्या प्रश्नाला जोडून ठेवला. यांची सोय वेगळी झाली, तर उरलेल्या लाखोंकडे कोण बघणार, अशी भीती होती. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी असं सर्वसमावेशक विधेयक मंजूरही केलं, पण प्रतिनिधिगृहाच्या नेतृत्वाने ते मतदानाला घेतलंच नाही. रिपब्लिकनांनी त्यांना दुसऱ्या बाजूने धरलं. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी १८ लाख तरुणांना नागरिकत्वाची वाट देऊ केली. बदल्यात भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर, कौटुंबिक व्हिसांत मोठी कपात आणि व्हिसा सोडत बंद. त्या प्रस्तावाला सिनेटमध्ये अवघी ३९ मतं मिळाली. भिंतीचे पैसे देणाऱ्या, पण व्हिसांत तितकी मोठी कपात न करणाऱ्या द्विपक्षीय तोडग्याला ५४ मिळाली. साठ कुणालाच नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने पुन्हा विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. प्रश्न सुटला, तर सौदा करायला हातात काय उरणार, हे गणित दोन्ही पक्षांना कळतं. आणि 'डाका'च्या नूतनीकरणांमुळे कुणावर उद्याच कुऱ्हाड कोसळणार नव्हती, त्यामुळे घाईही नव्हती.

सुपातले

मराठी घरांशी या प्रश्नाचा खरा धागा वेगळ्या ठिकाणी जुळतो. पुण्या-नाशकाहून एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात गेलेल्या इंजिनिअरांची मुलं एच-फोर व्हिसावर तिथे वाढतात. सगळं कायदेशीर. पण १९९० च्या कायद्यानुसार कुठल्याही एका देशाला नोकरीच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. वर्षाला एकूण सुमारे १ लाख ४० हजार कार्डं, आणि त्यात बायका-मुलंही मोजली जातात. त्यामुळे भारतीयांची रांग दशकाच्या पुढे गेलीय. बापाचा नंबर लागण्याआधी मूल २१ वर्षांचं झालं, की ते त्याच्या अर्जातून गळतं. याला तिथले पालक 'एजिंग आउट' म्हणतात. मग विद्यार्थी व्हिसा काढायचा, परदेशी विद्यार्थ्याची फी भरायची आणि पुन्हा नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नशीब अजमावायचं. नाहीतर जिथली भाषा मोडकीतोडकीच येते त्या देशात परतायचं.

'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना अशा मुलांची संख्या अडीच लाखांच्या आसपास सांगते. त्यांना 'डाका' मिळत नाही, कारण १५ जून २०१२ रोजी बेकायदा असणं, ही 'डाका'ची अट आहे. नियम पाळला म्हणून बाहेर. डेबोरा रॉस, अॅलेक्स पडिला आणि रँड पॉल या संसद सदस्यांनी २०२१ मध्ये अशा मुलांसाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट' मांडला. त्याचीही गत तीच. आपल्याकडच्या अनिवासी गप्पांत बेकायदा आलेल्यांबद्दल अनेकदा तुच्छतेने बोललं जातं, 'आम्ही रांगेत उभे आहोत, ते घुसलेत.' राग समजण्यासारखा आहे. पण जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, तशातली ही गत. दोन्ही घरांतल्या मुलांना त्रास होतोय तो एकाच कारणाने: आयुष्य कुठे गेलं, यापेक्षा कुठला कागद कुठल्या तारखेला होता, यालाच कायद्यात किंमत आहे.

काळाचा हक्क

इथेच निरागसतेचा मुद्दा अपुरा पडतो. चाळिशीच्या बाईला 'बिचारं मूल' म्हणून दर्जा मागता येत नाही. तिची खरी बाजू अशी की तिने इथे तीस वर्षं काढलीत, कर भरलाय, घर बांधलंय, मुलं वाढवलीत, आणि दुसरीकडे तिचं काहीच नाही. तत्त्वज्ञ जोसेफ कॅरन्स यांनी हीच मांडणी केली आहे: बेकायदा प्रवेशाचं वजन काळाबरोबर कमी होतं आणि समाजाशी जडलेल्या नात्याचं वाढत जातं. आपल्या वकिलांना हे नवं नाही. मुदतीचा कायदा त्याच समजुतीवर उभा आहे; जुनं प्रकरण किती उकरायचं, याला मर्यादा असते.

इतर देशांनी हे करून पाहिलंय. ब्रिटनच्या २०१२ च्या नियमांत १८ ते २४ वयाच्या ज्या व्यक्तीने अर्धं आयुष्य त्या देशात काढलं, तिला राहण्याचा अर्ज करता येतो. जर्मनीत तिथल्या शाळेत शिकलेल्या, हद्दपारी नुसती पुढे ढकललेल्या तरुणांना २०११ पासून काही वर्षांच्या वास्तव्यावर परवाना मिळतो आणि ती वर्षं पुढे कमी करण्यात आली. दोन्हीकडे वाद आहेत, पण काळ मोजण्याचं माप कायद्यात आहे.

खुद्द अमेरिकेतही ते होतं. १९२९ च्या 'रजिस्ट्री' कायद्याने ठरावीक तारखेआधी आलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसाला कायमचं राहण्याची मुभा दिली. कसा आलास, चूक कुणाची, असं त्यात फारसं विचारलं जात नसे. किती वर्षं आहेस, हे विचारलं जाई. ती तारीख सुरुवातीला १९२१ होती. मग ती १९२४, १९४०, १९४८ आणि शेवटी १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२ अशी पुढे सरकवली गेली. त्यानंतर ती हललेली नाही. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सदस्य झोई लॉफग्रेन यांनी ठरावीक तारखेऐवजी सात वर्षांच्या वास्तव्याचं सरकतं माप सुचवणारं विधेयक मांडलं. ते पुढे गेलं नाही. या वाटेला आक्षेप एकच मोठा आहे: तग धरून बसणाऱ्याला बक्षीस मिळतं. सात वर्षं कमी वाटत असतील, तर पंधरा धरा. पण मापच नको म्हणणं म्हणजे माणूस कितीही वर्षं राहिला, तरी तो कालच आला असं समजणं. शिवाय या वाटेने आई-बापांना आरोपी करून मुलांना सोडवावं लागत नाही.

संसदेने हे करेपर्यंत प्रश्न आपोआप विरून जाईल, अशी आशा काहींना असावी. 'डाका'धारकांची संख्या २०१७ मधल्या जवळपास सात लाखांवरून सव्वापाच लाखांच्या आसपास आलीच आहे. कुणी लग्नातून ग्रीन कार्ड मिळवलं, कुणी कॅनडा गाठला, कुणी नूतनीकरण सोडून पुन्हा अंधारात गेलं. पण त्याच वेळी दरवर्षी एक लाखाच्या आसपास कागदपत्रांविना मुलं अमेरिकेत बारावी होतात, असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक २००७ नंतर आलेली आहेत, म्हणजे त्यांना 'डाका'चाही आधार नाही. जुनी पिढी यादीतून गळेल, नवी यादीबाहेरच वाढेल. हेनन आणि बर्गर या दोघांनीही चेंडू संसदेकडे टोलवला होता आणि त्यात ते चुकले नव्हते. संसदेने तो उचलला नाही, हाच या वादाचा आजवरचा एकमेव निर्णय आहे, आणि त्याची किंमत दर जूनमध्ये शाळेतून बाहेर पडणारी नवी तुकडी मोजते.